केशकालचा उतार आणि दोन सायकली

मी कुरुदचा, असे सांगितले की छत्तीसगडचा माणूस हमखास विचारतो, "धमतरीवाले कुरुद का?" ते कुरुद रायपूर-जगदलपूर महामार्गावर आहे, त्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. आमचे कुरुद भिलाईतले. कोहका आणि जामुलच्या शेजारचे हे जुने खेडे आता शहरात मिसळून गेले आहे. माझे आजोबा १९६८ साली भंडारा जिल्ह्यातून भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीला आले. सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली होती. आजोबा रेल मिलमध्ये लागले. आपल्या रेल्वेचे रूळ तिथे तयार होतात. निवृत्तीनंतर सेक्टरमधले क्वार्टर सोडावे लागले, तेव्हा त्यांनी कुरुदला घर बांधले. घरात आम्ही मराठी बोलतो, दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगडी.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि बाबा या कुरुदहून निघून, त्या कुरुदवरून, केशकालचा घाट चढून आणि उतरून आलो. तेही सायकलने. शाळेत परतल्यावर मित्रांनी खूप प्रश्न विचारले. किती किलोमीटर? गिअर किती? कुठे झोपलात? ब्रेक कोणते होते, हे मात्र एकानेही विचारले नाही. आमच्या घरी तर सहल ठरण्याआधी तीन आठवडे त्याच एका प्रश्नावर खल चालला होता. म्हणून हा लेख ब्रेकवर लिहीत आहे.

खल करण्याचे कारण होते बाबांचा उजवा हात. सहा वर्षांपूर्वी कामावर झालेल्या अपघातात त्यांच्या दोन बोटांना इजा झाली. बोटे शाबूत आहेत, पण मूठ पूर्ण आवळत नाही. त्याआधी बाबा रोज सायकलने कामावर जायचे. नंतर त्यांनी ती अंगणातल्या शेडमध्ये लावली ती लावलीच. "मला चालवता येते रे, थांबवता येत नाही," असे ते म्हणायचे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले होते की त्याचा अर्थ काय, याचा विचार करायचे राहूनच गेले होते.

अर्थ असा होता. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. थांबताना अंगाचे वजन पुढे जाते, पुढचे चाक रस्त्यावर दाबले जाते आणि मागचे हलके होते. म्हणून जोरात थांबायचे असेल तेव्हा बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. मागचाच ब्रेक आवळला तर हलके झालेले चाक अडकते आणि घसरते. म्हणजे सर्वांत महत्त्वाचा ब्रेक बाबांच्या सर्वांत कमजोर हाताला आला होता.

आजोबांनी पहिला उपाय सुचवला. "पोट्ट्या, त्यात काय एवढं? वायरी बदल. पुढचा डाव्या हाताला घे." पक्कड, दहाचा पान्हा आणि अर्धा तास. खर्च शून्य. बाबांनी घरामागच्या मोकळ्या भाठ्यावर फेऱ्या मारल्या. (भाठा म्हणजे आमच्याकडची मुरमाड पडीक जमीन.) पहिले दोन दिवस हात चुकत होते, मग सवय झाली. गावातल्या रस्त्यापुरता प्रश्न सुटला. ज्याच्या घरी कोणाचा एक हात अधू असेल, त्याने हा उपाय आधी करून पाहावा. मात्र सवय होईपर्यंत मोकळ्या जागेतच चालवावी.

केशकालचा प्रश्न वेगळा होता. हा घाट कांकेर आणि केशकाल यांच्या मध्ये आहे. बस्तरच्या पठारावर चढणारा हा रस्ता त्याच्या बारा वळणांसाठी प्रसिद्ध आहे. जगदलपूरकडे जाणारी अवजड वाहने याच घाटातून जातात आणि अनेकदा एकामागे एक अडकून मुंगीच्या गतीने सरकतात. चढताना याचा त्रास नाही, कारण आपणही मुंगीच असतो. उतरताना मात्र ट्रकच्या मागे राहायचे तर ब्रेक सोडता येत नाही. दोन्ही हात लागतात आणि सतत लागतात.

रात्री जेवताना मी हे सांगितले, तेव्हा आजोबा म्हणाले, "ब्रेक गाडी थांबवत नसतो. तो वेगाचा ताप करतो. ताप कुठं जाणार ते आधी पाहा." आयुष्यभर लाल रुळांशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. मी मात्र वही काढली. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. ताशी ४० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबायला सुमारे ६,२०० जूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. वेग निम्मा असेल तर ऊर्जा निम्मी नव्हे, पाव लागते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. आता घाट पाहा. तेच १०० किलो १०० मीटर खाली उतरवले तर ९८,००० जूल मोकळे होतात. ताशी ४० वरून सुमारे सोळा वेळा थांबण्याइतकी ही उष्णता आहे. एक लिटर पाणी तिने सुमारे २३ अंशांनी तापेल. वेगात उतरलो तर यातला बराच भाग हवेचा विरोध खाऊन टाकतो. ट्रकच्या मागे हळू उतरलो तर जवळजवळ सगळा ब्रेकच्या वाट्याला येतो. हळू उतरणे ब्रेकसाठी सोपे असते, असे आपल्याला वाटते. उष्णतेच्या हिशेबाने ते उलट आहे.

आता हा ताप कुठे जातो ते पाहू. सायकलचे ब्रेक मुख्यतः याच प्रश्नावर वेगळे होतात.

आजोबांच्या जुन्या ॲटलसला वायर नव्हतीच. हँडलखालच्या लोखंडी दांड्या रबरे वर ओढून रिमच्या आतल्या बाजूवर दाबतात. दांडी तुटत नाही, गंजली तरी चालते, आणि ती वाकली तर दगडाने सरळ करता येते. पण रिम पोलादाची आणि वर चकचकीत मुलामा. पावसात ओल्या मुलाम्यावरून रबर नुसते घसरते. आजोबा सांगतात, पावसाळ्यात शिफ्टला जाताना सगळे जण चप्पल रस्त्याला घासूनच थांबायचे.

त्यानंतरचा प्रकार रेसिंगच्या सायकलींवरचा कॅलिपर. रिमच्या दोन्ही बाजूंना चिमटा बसावा तसा हा बसतो. वजनाला हलका, दिसायला देखणा आणि ॲल्युमिनियमच्या रिमवर चांगला चालतो. याची अडचण जागेची आहे. चिमट्याच्या कमानीतून टायर जायला हवा, त्यामुळे टायर अरुंद ठेवावा लागतो. जाड टायर आणि वर मडगार्ड लावायचे म्हटले की जागा पुरत नाही. आमच्या भागातल्या मुरमाच्या रस्त्यांवर अरुंद टायर घेऊन सामानासह फिरणे म्हणजे पंक्चरला आमंत्रण.

तिसरा व्ही-ब्रेक. माझ्या सायकलला हाच आहे. दोन लांब भुजा फोर्कवर बसवलेल्या असतात, त्यामुळे तरफ मोठी मिळते आणि जाड टायरही बसतो. रबरे स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळतात आणि दहा मिनिटांत बदलता येतात. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्ही-ब्रेकच्या लिव्हरला वायर जास्त ओढावी लागते. वळलेल्या हँडलच्या रेसिंग सायकलींचे लिव्हर साधारणपणे तेवढी वायर ओढत नाहीत. म्हणून एकाचा ब्रेक आणि दुसऱ्याचा लिव्हर अशी जोडी जमवू नये. ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण वेळेवर पुरत नाही.

हे तिन्ही रिमवर चालणारे ब्रेक आहेत, म्हणून ताप रिममध्येच जातो. ॲल्युमिनियमची रिम मोठी असते, वारा लागून ती लवकर निवते. पण तिला चिकटूनच ट्यूब असते. फार तापली तर आतल्या हवेचा दाब वाढतो आणि टायरला धोका पोचतो. दुसरे म्हणजे रिम झिजते. चिखलातली वाळू रबरात अडकते आणि प्रत्येक वेळी रिमला घासते. ब्रेक लागतो त्या बाजूवर नखाला खोलगट चर जाणवू लागला की रिम बदलायची वेळ आली, असे समजावे. तिसरे पाणी. ओल्या रिमवरचे पाणी रबरांनी आधी पुसले जाते आणि मग पकड येते. मोठ्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर असतो. पुसायला दोन-तीन फेरे गेले की पाच-सहा मीटर रस्ता गेलाच.

चौथा डिस्क ब्रेक. चाकाच्या मध्याजवळ पोलादाची पातळ तबकडी असते, बहुधा १६० मिलिमीटर व्यासाची. दोन पॅड तिला दाबतात. तबकडी लहान असल्यामुळे रिमपेक्षा कितीतरी जास्त तापते. आजोबांनी एकदा वापरलेल्या तबकडीवरची निळसर झाक पाहून लगेच सांगितले, "हिनं चांगलाच ताप खाल्ला आहे." पण हा ताप टायरपासून दूर राहतो. तबकडी रस्त्यापासून उंच असते, चिखल कमी लागतो, पाणी चटकन निघते, आणि चाक थोडे आऊट झाले तरी ब्रेक अडत नाही.

डिस्कमध्ये पुन्हा दोन जाती आहेत. पहिलीत पॅड वायरीने ओढले जातात. वायर कुठेही मिळते, पॅड झिजले की ॲलन कीने जवळ आणायचे, एवढेच काम. दुसरीत वायरऐवजी नळी आणि नळीत तेल असते. आपण विज्ञानात शिकलेला पास्कलचा नियम इथे कामाला येतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. लिव्हरमधला दट्ट्या लहान आणि चाकाजवळचा मोठा असला की बोटाच्या थोड्या जोराचा तिथे मोठा जोर होतो. वायरीला नळीत जसे घर्षण असते तसे तेलाला नसते. पॅड झिजतील तसे दट्टे स्वतःच पुढे सरकतात.

हे वाचून कोणी म्हणेल, मग तेलाचा डिस्कच सर्वांत चांगला, वाद कशाला? व्यावसायिक सायकलपटूंनीही हा वाद बरीच वर्षे घातला. रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकची चाचणी चालू असताना २०१६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत स्पेनचा फ्रान्सिस्को व्हेंतोसो जखमी झाला. आपली जखम तबकडीमुळे झाली, असे त्याने सांगितले आणि चाचणी काही काळ थांबवली गेली. डिस्कला पूर्ण परवानगी मिळाली ती २०१८ च्या जुलैत. त्यानंतरही, २०२१ मध्ये, चार वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला ख्रिस फ्रूम डिस्क घासते आणि उतारावर तापते, अशी तक्रार करत होता.

आपल्याला शोभेल असे लष्करी उदाहरणही आहे. स्वित्झर्लंडच्या सैन्यात सायकलस्वारांच्या पलटणी होत्या. त्यांची १९०५ सालची सायकल वीस किलोहून जड, एकाच गिअरची. पेडल उलटे फिरवले की मागचे चाक थांबायचे आणि पुढचा ब्रेक वरून थेट टायरवर दाबायचा. आल्प्सच्या डोंगरांच्या देशाने ही सायकल १९९० च्या दशकापर्यंत वापरली. पुढे १९९३ चे मॉडेल आले, तेव्हा त्याला तेलाच्या दाबावर चालणारे, पण रिमवर लागणारे ब्रेक दिले. म्हणजे जोर तेलाचा, ताप रिममध्ये. साध्या ब्रेकवर त्या सैनिकांनी इतकी वर्षे काढली, कारण तो प्रत्येकाला उघडता, समजता आणि दुरुस्त करता येत होता. सैन्यात ही गोष्ट लहान नाही.

मीही हाच मुद्दा घरी मांडला. दोन्ही सायकलींना एकच ब्रेक हवा. रबरे, वायर, पान्हे सगळे एकच. एकाचे संपले तर दुसऱ्याचे चालेल. कॅम्पवर जाताना आपण असाच विचार करतो. आमच्या चौकातल्या सायकल मिस्त्रींनी माझी बाजू पक्की केली. तेलाच्या ब्रेकचे विचारताच ते हसून म्हणाले, "तेल वाला ब्रेक इहाँ नइ बनय, बाबू." भिलाईत बनत नाही तर केशकालला कोण बनवून देणार? बाबांची बाजू पैशांची होती. शेडमधल्या जुन्या सायकलवरच भागवावे, नव्या सायकलचा खर्च एका सहलीसाठी कशाला, असे ते म्हणत.

निकाल लावला तो एका बाटलीने. मामाच्या ओळखीच्या एकांकडे तेलाच्या डिस्कची सायकल होती. ती आम्ही दोन दिवसांसाठी आणली. दोन्ही सायकली शेजारी उभ्या केल्या. बाबांना सीटवर बसवून पेडलवर ठरलेला जोर द्यायला सांगितले आणि ब्रेकच्या लिव्हरला रिकामी बाटली बांधली. चाक जागेवर धरून ठेवेपर्यंत बाटलीत पाणी ओतत गेलो. डिस्कला व्ही-ब्रेकच्या निम्म्याहून कमी पाणी लागले. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हती, पण आजोबा, बाबा आणि मी तिघांनी डोळ्यांनी पाहिले. मग बाबांनी उजव्या हाताच्या दोन चांगल्या बोटांनी लिव्हर दाबला. दाबला आणि सोडला, पुन्हा दाबला. बराच वेळ ते तेच करत राहिले. कोणी काही बोलले नाही.

त्या संध्याकाळी माझा एकसारखेपणाचा मुद्दा मी सोडून दिला. सुटे भाग एकसारखे असावेत हे खरे, पण आमचे हात एकसारखे नव्हते. मला व्ही-ब्रेक पुरतो. माझी पकड चांगली आहे, वजन कमी आहे, आणि माझा ब्रेक मी डोळे मिटून उघडू शकतो. बाबांना कमी जोरात लागणारा ब्रेक हवा होता. त्यासाठी दुरुस्तीची थोडी जोखीम घ्यावी लागली तरी चालण्यासारखे होते. वायरीच्या डिस्कचाही विचार केला. दुरुस्तीला तो सोपा, किमतीला कमी. पण घाटात अर्धा तास लिव्हर धरून ठेवायचा, तर बोटांना तो जडच गेला असता. शेवटी बाबांसाठी तेलाच्या डिस्कची, सरळ हँडलची, जुनी पण चांगल्या स्थितीतली सायकल घेतली. नवीन घेतली असती तर दिवे आणि कॅरिअरच्या पिशव्या यांना पैसे उरले नसते.

मग मी त्या ब्रेकचा अभ्यास केला, कारण रस्त्यात मिस्त्री मीच होतो. तेलात दोन प्रकार असतात. काही ब्रेकना मिनरल ऑइल लागते, काहींना डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतले रबरी सील खराब होतात. डॉट फ्लुइड हवेतले पाणी शोषते, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे लागते. बाबांच्या ब्रेकला मिनरल ऑइल होते. चाक काढलेले असताना लिव्हर दाबायचा नाही, नाहीतर दट्टे पुढे येऊन अडकतात. दोन पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा ठेवायचा. पंक्चर काढायला आपण सायकल सरळ उलटी करतो. ती सरळ केल्यावर निघण्याआधी लिव्हर पाच-सहा वेळा दाबून पाहायचा. नरम लागला तर आत हवा आहे. आणि तबकडीला तेलाचा थेंबही लागता कामा नये. दिवाळीच्या साफसफाईत आजोबा घरातल्या सगळ्या कडी-कोयंड्यांना तेल देतात. त्या दिवशी तेलाची झारी घेऊन ते डिस्ककडे निघाले होते. मी मध्ये उभा राहिलो. "तेलाचा ब्रेक म्हणता आणि तेल घालू देत नाही," असे म्हणत ते परतले.

लक्ष्मीपूजनानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पाटणमार्गे अभनपूर, तिथून महामार्ग. दुपारी 'त्या' कुरुदला चहा घेतला आणि कुरुदच्या पाटीखाली बाबांचा फोटो काढला. मुक्काम धमतरीला. दुसऱ्या दिवशी कांकेर, सुमारे ६५ किलोमीटर. गाडिया पहाडाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात आम्ही लवकर झोपलो. तिसऱ्या दिवशी घाट चढलो. बाबा दोनदा थांबले, मी तीनदा. केशकालला टाटामारीच्या टोकावरून खालची दरी पाहताना बाबा म्हणाले, "चढायला ब्रेक लागत नाही. आता उद्या पाहू."

रात्री पावसाची सर येऊन गेली. सकाळी रस्ता ओला होता आणि वळणांवर चिखलाचा पातळ थर होता. निघताना आम्ही नियम ठरवला. पुढे बाबा, मागे मी. ट्रकपासून किमान पंधरा मीटर अंतर. हा आकडा हिशेबातून आला होता. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक, मग तो व्ही असो वा डिस्क, ताशी ३० वरून सुमारे ७ मीटरमध्ये थांबवू शकतो. त्याहून जोरात थांबवू पाहिले तर मागचे चाकच उचलले जाते. पण डोळ्यांना दिसून बोटे हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात ८ मीटर जातात. परेडवर 'थम' ऐकल्यावरही आपण जागच्या जागी गोठत नाही, ठरलेली पावले टाकूनच थांबतो. रस्त्यावरही ती पावले मोजून अंतर ठेवायचे. रस्ता ओला असल्यामुळे आम्ही वेग २० च्या आतच ठेवला.

पहिल्या वळणाआधीच फरक कळला. बाबांचा ब्रेक दाबताक्षणी लागला. माझ्या रिमवरून आधी खरखर आवाज आला, पाणी आणि वाळू पुसली गेली, आणि मग पकड आली. ते मला माहीत होते, म्हणून मी प्रत्येक वळणाच्या बराच आधी लिव्हर हलके दाबून रिम पुसून घेत होतो. चौथ्या वळणानंतर पुढे ट्रकची रांग लागली. एक ट्रक वळणावरच थांबला. बाबा थांबले, मी थांबलो, मध्ये भरपूर जागा उरली. एवढेच घडले. घाटात एवढेच घडायला हवे असते.

तेलिन सती मातेच्या मंदिरापाशी ट्रकवाले थांबून हात जोडतात. आम्हीही थांबलो. हात जोडले आणि ब्रेक निवू दिले. माझी रिम हाताला चांगलीच गरम लागली. बाबांच्या तबकडीला मी हात लावला नाही, बाटलीतले दोन थेंब टाकले. चर्र आवाज झाला. बाबा आपल्या उजव्या हाताची बोटे उघडमीट करत होते. "दुखतात का?" मी विचारले. "नाही रे, पाहतोय," ते म्हणाले.

या अनुभवावरून माझ्या मित्रांना चार गोष्टी सांगतो. ब्रेक घेताना आधी रस्ता पाहा. सपाट आणि कोरडा असेल, तर साध्या रिम ब्रेकने सगळे भागते आणि पैसे वाचतात. मग वजन पाहा. सामान, जड स्वार आणि लांब उतार एकत्र आले की डिस्कचा विचार करा. तिसरे, बिघडला तर कोण दुरुस्त करणार ते पाहा. उत्तर 'मी' असेल तर ते घरीच शिकून घ्या. चौथे, आणि माझ्या मते पहिले, ब्रेक ओढणारा हात पाहा. दुकानदार सायकल दाखवतो, तुमचा हात त्याला दिसत नाही. आणि ब्रेक कोणताही असो, निघण्याआधी रबर किंवा पॅड, वायर किंवा नळी, आणि दोन्ही लिव्हर एकदा दाबून पाहावेत. यात एक मिनिटही जात नाही.

मी शाळेत परतलो तेव्हा मला वाटले, सायकल पुन्हा शेडमध्ये जाईल. डिसेंबरात आईचा फोन आला. बाबा आता रोज सायकलने कामावर जातात. थंडीत बोटे आखडतात म्हणून आजोबांनी त्यांना लोकरीचे हातमोजे आणून दिले आहेत. उजव्या हातमोज्याची दोन बोटे आईने कापून पुन्हा शिवली आहेत, लिव्हरवर नीट बसतील अशी.

— कॅडेट, इयत्ता अकरावी